रोह्याचा गाळ, घरचं मीठ

चिखल गोळा करणं हे माझं काम आहे, हे माझ्या आईनं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. मुलगी रोह्याला कॉलेजात शिकवते, एवढ्यावर ती थांबते. फारच कुणी खोदून विचारलं तर पाण्यावर काहीतरी करते म्हणून मोकळी होते. खरं सांगायचं तर मी कुंडलिका नदीच्या गाळातलं प्लास्टिक शोधते. बाटल्या-पिशव्या नव्हेत, त्या काय आंधळ्यालाही सापडतील. त्या उन्हानं कुरकुरीत होऊन त्यांचा जो भुगा होतो, दोऱ्यांचे नि कपड्यांचे केसाहून बारीक धागे सुटतात, ते मला हवे असतात.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात मी खोली घेऊन राहते. पुलाजवळ घमेलं घेऊन नदीत उतरले की काठावर धुणं धुणाऱ्या बायकांची करमणूक सुरू. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, माझं मंगळसूत्र पडलंय. दोघीतिघी पदर खोचून माझ्याबरोबर शोधायलाच लागल्या. प्लास्टिक शोधतेय म्हटल्यावर त्यांनी एकमेकींकडे जे पाहिलं, ते मला चांगलं समजलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीनं रिकाम्या बाटल्यांनी भरलेलं अख्खं पोतं माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, एवढ्यासाठी चिखलात कशाला शिरायचं बाई. तिचं मन कसं मोडणार? ते पोतं खांद्यावर टाकून मी भर बाजारातून घरी गेले.

गाळातून धागे काढायची रीत अगदी स्वयंपाकघरातली आहे. पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घालायचं, त्यात गाळ ढवळायचा आणि ठेवून द्यायचं. माती खाली बसते, प्लास्टिक हलकं म्हणून वर येतं. वरचं पाणी कागदातून गाळायचं आणि तो कागद मायक्रोस्कोपखाली धरायचा. मीठ मात्र भरपूर लागतं. प्रयोगशाळेतलं शुद्ध मीठ संपलं होतं आणि नवीन यायचं म्हणजे ऑफिसची मर्जी व्हायला हवी. तोवर बाजारातलंच आणते, असं मी फोनवर बाबांना सहज बोलून बसले. हात दाखवून अवलक्षण!

माझे बाबा मीठ पिकवतात. वडखळच्या पुढं, खाडीला लागून आमचं गाव. पूर्वी घरटी आगर, म्हणजे मिठागर, होतं. आता माझा भाऊसुद्धा डोलवीला कंपनीत शिफ्ट करतो, आणि मिठाच्या राशी लावणारे गावात एकटे बाबा उरलेत. आमच्याकडे मीठवाल्याच्या घरात दुकानातली पिशवी दिसली तर चार गावं हसतात. लग्न होऊन गेलेल्या मुलीकडेही मीठ माहेरचंच जातं. माझं बोलणं ऐकून बाबा अगदी दुखावल्या आवाजात म्हणाले, "मीठ इकत आनशील? माजं मीठ काय मेलंय?"

दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन ते एसटीनं रोह्यात हजर. वाटेत कंडक्टरला मूठभर, शेजारच्या म्हातारीला ओंजळभर असं वाटतवाटत आले होते. प्रयोगशाळेत शिपायानं खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मिठाचं पाणी कसं होतं, गाळ कसा बसतो, सगळं हात मागं बांधून पाहिलं आणि खूश होऊन गेले. आठवड्याभरात गावात बातमी, की आपलं मीठ सायन्सला लागतं. माझा अभ्यास छापून येईल तेव्हा त्यात आगराचं नाव असणार, हेही त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं. पारावर बसणाऱ्यांना आता दुसरा विषय उरला नव्हता.

आणि मला निळे धागे दिसायला लागले. पुलाजवळच्या गाळात निळे, स्मशानाच्या उताराला निळे, पार वरच्या अंगाला, जिथं माणूस सोडा, म्हैसही डुंबत नाही, तिथंही निळेच. माझ्या मार्गदर्शक मॅडम फोनवर ऐकून हरखल्या. मी तर जाळ्यांचा सिद्धांत मांडून मोकळी झाले, की मासेमारीची निळी जाळी झिजतात आणि भरतीबरोबर धागे वर चढतात. स्टाफरूममध्ये ऐकवला, काठावरच्या बायकांना ऐकवला, भाजीवालीलाही सोडलं नाही.

मग मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला. गाळ न घालता नुसतं मिठाचं पाणी गाळून पाहिलंस का? पाहिलं होतं, पण जुन्या, प्रयोगशाळेच्या बाटलीतल्या मिठाचं. आता नव्यानं पाहिलं, तर त्यात निळे धागे. अगदी तस्सेच. पहिला संशय आला माझ्या निळ्या ओढणीवर, कारण कपड्यांचे धागे हवेतून पडतात. म्हणून मी नखशिखांत पांढऱ्या सुती कपड्यांत येऊ लागले. शिपाई दोन दिवस बघत राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं दबक्या आवाजात विचारलं, की मॅडम, घरी सगळं ठीक ना? नवरा मुंबईत ठणठणीत आहे हे त्याला पटवताना माझ्या नाकी नऊ आले. धागे तरीही येतच होते. पडदे धुतले, पंखा बंद केला, खिडकीला नावं ठेवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघायचं मला सुचलंच नाही, कारण ते घरचं होतं.

रविवारी गावी गेले. आगराच्या बांधावर मिठाची रास उभी होती आणि तिच्यावर निळी प्लास्टिकची ताडपत्री. आधी रास पेंढ्यानं शाकारायचे. ते काम आईचं, आणि आईची कंबर गेल्यावर भावानं ताडपत्री आणून दिली होती. उन्हावाऱ्यानं तिच्या कडा विरून झिरमिळ्या झाल्या होत्या. मी हात लावला तशी बोटांना निळं कुसळ चिकटलं. बाबा शेजारी उभे राहून कौतुकानं सांगत होते, की बघ गो, पावसात एक खडा विरघळला नाय.

मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा, तेही कळेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आईला मागच्या दारी सांगितलं, तर ती म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, तू आपली दुकानातलं मीठ घे नि गप बस, त्यांना काय कळतंय. खरंच काही कळलं नसतं. पण त्या मिठावर अख्खा गाव जेवतो हे मला माहीत होतं, आणि बाबांना आगराशिवाय दुसरं काही नव्हतं, हेही माहीत होतं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले.

पुढच्या खेपेला मी कॉलेजातला लहान मायक्रोस्कोप सोबत नेला आणि ओटीवर मांडला. बाबांनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले. मग स्वतःच्याच पापणीचे केस बघून म्हणाले, लई जाड धागं हायत गो. आई तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी नीट दिसलं तेव्हा ते बराच वेळ मान वर करेनात. हे रोह्याचं असेल, त्यांनी म्हणून पाहिलं. नाही बाबा, मी म्हटलं, यात गाळ नाही, नुसतं आपलं मीठ आहे.

आता ओरडतील, असं मला वाटलं. माझे नमुने वाया गेले, सगळं पुन्हा करावं लागणार, पण तुमचं नाव मी कुठं येऊ देणार नाही, असं काहीबाही मी भराभरा बोलत सुटले. त्यातलं त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. भावाची धाकटी पोर शेजारी कैरीला मीठ लावून चाटत होती, तिच्याकडे ते बघत होते. "मंग इतकी वर्सं आपन काय खाल्लं गो?" त्यांनी विचारलं. इतके दिवस मी माझ्या नमुन्यांसाठी हळहळत होते आणि तेच मीठ रोज माझ्याही ताटात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर ताडपत्री खाली, आणि बाबा पारावर जाऊन स्वतःच सांगून आले होते, की माझ्या मिठात प्लास्टिक निघालं, पोरीनं दाखवलं. लोक हसले असणार, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या हंगामाची नवी रास मात्र पेंढ्यानं शाकारली. कमरेला पट्टा बांधून आई खाली उभी राहून पेंढा कसा लावायचा ते ओरडून सांगत होती, आणि भाऊ नाइट शिफ्ट करून आलेला, डोळे चोळत वर चढला होता.

पावसाळा सरल्यावर बाबांनी राशीच्या पोटातलं मीठ डब्यात घालून रोह्याला आणलं. या वेळी एसटीत कुणाला मूठभरही वाटलं नाही. माझ्यासमोर बसून राहिले, मी पाणी गाळेपर्यंत. निळा एकही धागा नव्हता. मी आनंदानं सांगणार, तेवढ्यात कागद सरकवला आणि दिसले ते दुसरे: दोन तांबडे, एक हिरवट, एक काचेसारखा पांढरा. आगरात भरतीला येणारं खाडीचं पाणीच हे धागे घेऊन आलं होतं. खोटं बोलायचं मनात आलं, अगदी जिभेवर आलं. पण त्यांनी मला बाजूला सारलं आणि या वेळी बरोबर डोळा मिटून स्वतःच पाहिलं.

"निली ताडपत्री माजी व्हती, ती मी काढली," ते म्हणाले. "हे माजे नायत. हे कुनाचे हायत, ता तू शोध. नि आगराचं नाव लिव."