तिसरा शेंगदाणा

दौंडहून पुण्याला शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला निघालो होतो. संशोधनाचा विषय होता जोरदार चुंबकीय क्षेत्रातले हट्टी अणू. मागच्या वेळी तो साध्या शब्दांत सांगता आला नाही म्हणून निवड हुकली होती. त्यामुळे डेमू रेल्वेगाडीत बसून पुटपुटत सराव चालला होता.

समोर एक अनोळखी आबा शेंगा सोलत होते. दाण्याचं साल फुंकरीनं उडवायचं आणि ते माझ्या फाइलवर पडलं की खिडकीबाहेर बघायचं, अशी त्यांची तऱ्हा. शेवटी म्हणाले, "मला सांगून बघा की."

मी त्यांच्याच रुमालावर तीन शेंगदाणे त्रिकोणात मांडले. "हे अणू म्हणजे बारके चुंबक. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलटं तोंड करायचंय. दोघांचं जमतं. मग तिसऱ्यानं कुठं बघायचं?"

आबांनी तिसरा उचलून तोंडात टाकला. "मिटलं भांडण."

मी नवा दाणा ठेवला. "बाहेरून जोर लावला, की दोघं वर बघतात, एक खालीच. जोर वाढवला तरी तो बराच वेळ ऐकत नाही. फारच वाढवला, तर तोही वर बघतो."

"आन् जोर काढला तर?"

"पुन्हा पहिल्यासारखा."

"मग तो वळला कुठं? दबला म्हना." एवढं बोलून ते यवतला उतरले.

मुलाखतीत मी हेच वाक्य टाकलं. परीक्षक खुलले, निवड झाली. एका मॅडमनी विचारलं, "हे कुणाचं?"

"माझंच," मी म्हणालो. आबांचं नाव विचारलं नव्हतं, म्हणून चोरी सोपी गेली.