दरडीच्या अलीकडून परत

आम्ही दोघं जीपने नेपाळला जाऊन आलो, हे आमच्या काल्हेर गावात अजूनही कुणाला पटकन खरं वाटत नाही. आमच्याकडची माणसं हळदीला जातात, एकविरेला जातात, पोरांनी हट्ट धरला तर गोव्याला जातात. पन्नाशी उलटलेल्या बाईनं नवऱ्याशेजारी बसून सासऱ्यांच्या जमान्यातल्या खटाऱ्यातून परदेशी जायचं, ही लोकांना चेष्टाच वाटते.

ती जीप सासऱ्यांनी लष्कराच्या लिलावात घेतली होती. तिनं आमच्या खाडीकाठच्या शेतातून गवताचे भारे वाहिले, चिखलात रुतलेले ट्रक ओढून काढले. पुढे शेतं गेली, त्यांच्या जागी गोडाऊनं आली आणि जीप अंगणात पडून राहिली. पण माझ्या नवऱ्यानं तिला गंज चढू दिला नाही. दर रविवारी बॉनेट उघडून बसायचे. तरुणपणी हे नारपोलीत कापडाच्या लूमवर कामाला होते. तिथं शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं. त्या खडखडाटानं ह्यांचे कान हळूहळू गेले. आमच्या ते फार उशिरा ध्यानात आलं. आधी मला वाटायचं, ह्या माणसाचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नसतं.

नेपाळचं वेड ह्यांना लावलं आमच्या गोडाऊनच्या वॉचमननं. तो काली गंडकी नदीच्या काठच्या एका गावचा. दुपारी दोघं गेटजवळ बसायचे. ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन तो गावाचं वर्णन करायचा. दुपारनंतर असा वारा सुटतो की माणूस वाकून चालतो, म्हणायचा. सफरचंदांच्या बागा, घरांच्या छपरांवर रचून ठेवलेलं सरपण, सगळं सांगायचा. म्हातारपणी तो कायमचा गावी गेला. जाताना म्हणाला, "सेठ, एक बार आओ. अपनी गाडी लेके आओ."

तेव्हापासून ह्यांचं एकच. "गो, जीप काढू नि जाऊ."

मी म्हणायचे, जाऊ. मग मुलाचं लग्न आलं, घर बांधायला काढलं, मुलीचं बाळंतपण आलं. कुणी अडवलं नव्हतं, पण निघणंही होत नव्हतं. शेवटी एका वर्षी दसरा झाला आणि आम्ही निघालो. मुलगा रागावला होता. ह्यांच्या आत्याबाई देवापुढे निरांजन लावून बसल्या होत्या.

नाशिक, इंदूर, झाशी, गोरखपूर. सोनौलीला सीमेवर जीप पलीकडे न्यायचा परवाना काढला आणि आम्ही नेपाळात शिरलो. तोवर एक गोष्ट मला कळून चुकली होती. सगळी हयात भरल्या घरात गेली, आता गाडीत दोघंच असू, पोटभर बोलू, असं मी मनाशी धरलं होतं. पण जीपचा आवाज एवढा, की ह्यांच्या कानातल्या मशीनमध्ये तो हातोड्यासारखा बसायचा. ह्यांनी मशीन काढून डबीत घालून ठेवलं. मग मी काही बोलले तरी व्यर्थ. मी ह्यांच्या दंडाला हात लावून बाहेर बोट दाखवायचे, हे मान हलवायचे. कधी भलत्याच जागी हसायचे. मुक्कामाला पोचेपर्यंत दोघंही दमलेले. जेवायचं आणि झोपायचं.

बेनी गावाच्या पुढे मात्र ह्यांचा चेहराच बदलला. एका अंगाला काली गंडकी, दुसऱ्या अंगाला कडा, मधून दगडाधोंड्यांचा रस्ता. जीप गुरगुरत वर चढायची आणि हे स्टिअरिंगला असे बिलगून बसायचे, की मला लग्नाच्या वर्षातला माणूस दिसायचा. कंबर दुखत होती. उतरताना दोन्ही हात कमरेवर जायचे. पण तक्रार नाही.

तातोपानी गावाच्या वर दरड कोसळली होती. पलीकडे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर वॉचमनचं गाव. "उद्या रस्ता खुलेल," सगळे म्हणायचे. उद्या उजाडला की पुन्हा उद्या. आम्ही एका चहावालीकडे खोली घेऊन राहिलो. ती माझ्याच वयाची. तिची हिंदी मोडकी, माझीही तशीच. त्यामुळे आमचं छान जमलं. तिचा एकुलता मुलगा कतारला. बरीच वर्षं घरी आलेला नाही. एके दुपारी भांडी घासता घासता ती त्याच्याबद्दल सांगू लागली आणि रडायला लागली. तिला बघून मलाही रडू आलं. हे समोर जीपशी काहीतरी करत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सामान बांधून झालेलं.

"चल गो. घरला जाऊ."

"अवो, पन रस्ता खुलंल ना. एवढ्या लांब आलो."

हे नुसते बघत राहिले. मी मोठ्यानं विचारलं, "तुमी थकला काय?"

ह्यांनी मान डोलावली.

मला वाटलं, झालं, माणसाची कंबर हरली. आता आणखी बोलून त्यांच्या तोंडून ते वदवून घेऊ नये. चहावालीनं मला पोटाशी धरलं. मी मुकाट्यानं जीपमध्ये चढले.

घरी पोचल्यावर वॉचमनचा फोन आला. आम्ही मागे फिरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रस्ता खुला झाला होता. "मैं रोज रोड पे खडा रहता था, दीदी," तो म्हणाला. मी ह्यांना ओरडून सांगितलं. थोड्या दिवसांनी ह्यांनी मुरबाडच्या एका माणसाला जीप विकून टाकली. पासिंगची कटकट नको, म्हणाले. मी म्हटलं, हौस फिटली असेल.

पुढच्या वर्षी भाचीची हळद होती. मांडवात दुपारी पुरुषमंडळी बसलेली. मी पाण्याचे ग्लास घेऊन जात होते. कुणीतरी ह्यांना डिवचलं, "मंग, नेपालातून पलून आलास ना?"

हे म्हणाले, "मी तर जानार व्हतो पुढं. पन हिचा जीव लागंना. तिथं रडत बसली. पोरांची आठवन आली आसंल, म्हनून फिरवली गाडी."

माझे पाय तिथंच थांबले. ह्यांच्या समोर जाऊन, ओठ नीट दिसतील अशी उभी राहिले. "मी पोरांसाठी न्हाय रडले. त्या बाईच्या पोरासाठी रडले."

"मंग मागं कशाला आलीस?"

"तुमची कंबर गेली म्हनून. मी विचारलं तुमाला, थकला काय. तुमी मान हलवली."

हे म्हणाले, "मला वाटलं, घरला जायचं ना, आसं विचारतेस."

मांडवात हशा पिकला. आम्हीही हसलो. हळदीच्या मांडवात तोंड पाडून कसं चालेल. पण रिक्षातून घरी येताना दोघंही आपापल्या बाजूनं बाहेर बघत होतो. अंजूरफाट्याला रिक्षा ट्रकांच्या गर्दीत अडकली, तेव्हा हे एवढंच म्हणाले, "येक दिस थांबलो आसतो तर."

आता ह्यांना जिना चढताना धाप लागते. उंचावर जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. तो विषय आमच्यापुरता संपला. ह्या वयात मन मारायची सवय असते, तरी इथं मन मारता येत नाही. कारण ते गाव कुणीच आमच्यापासून हिसकावून घेतलं नव्हतं. दोघांनी एकमेकांचा विचार करून ते सोडून दिलं होतं.

हल्ली आम्ही सगळं दोनदोनदा विचारतो. पंखा बंद करू का, चहात साखर घालू का, बाहेर बसायचं का. उत्तर आलं तरी पुन्हा विचारतो. सून कंटाळते. "किती वेळा विचारता आई, ऐकलं त्यांनी," म्हणते. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहते, आणि हे स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून सांगतात, "हां. बसू या बाहेर."