आत्याच्या डुलकीचा शिक्का

आत्याचं काम झोपण्याचं होतं. ही थट्टा नव्हे. तिच्या भाच्याच्या कारखान्यात झुलत्या खुर्च्या बनायच्या. कारखाना म्हणजे रस्त्याकडेची एक लांबुळकी खोली, तिच्यात गुडघाभर भुसा आणि मागे पॉलिशची कोठी. तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीत दुपारच्या जेवणानंतर आत्याला बसवलं जायचं. तिचा डोळा लागला तर खुर्ची पास. नाही लागला, तर भाचा मुकाट्याने खुर्ची उलटी करून तिच्या खालच्या दोन वळणदार पट्ट्या पुन्हा घासायला घ्यायचा.

ही पद्धत आत्याच्या भावापासूनची. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, तेव्हा तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. भाऊ सुतार माणूस, त्याला चार शब्द बोलून कोणाची समजूत घालता येत नसे. त्याने एक खुर्ची केली आणि म्हणाला, "बस." ती बसली आणि अशी घोरली, की पत्र्यावरची मांजरं पळाली. त्या आनंदात भावाने लोखंडाची डागणी तापवली आणि खुर्चीच्या बुडाला मिटलेल्या डोळ्याचं चित्र डागलं. पुढे तोच दुकानाचा शिक्का झाला. भाऊ गेला, भाच्याने रंधा हातात घेतला, पण नियम बदलला नाही. आधी आत्याची डुलकी, मग डागणी.

आत्याला या कामाचा कोण अभिमान! लग्नकार्यात कोणी विचारलं, "तुम्ही हल्ली काय करता?" तर ती मान ताठ करून सांगायची, "मी झोपते." समोरचा गडबडून जायचा आणि आत्या खुशाल पुढच्या पंगतीला जाऊन बसायची.

मग एके दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका हमालाच्या डोक्यावर झुलती खुर्ची देऊन कारखान्यात शिरल्या.

"ही तुमची खुर्ची चालते," त्या म्हणाल्या.

"चालणारच," भाचा खूश होऊन म्हणाला. "आमची प्रत्येक खुर्ची उत्तम चालते."

"तसं नव्हे हो. चालते म्हणजे चालते. मी खिडकीशी पेपर वाचायला बसते आणि अग्रलेख संपेपर्यंत न्हाणीघराच्या दारात पोचलेली असते."

भाच्याने खुर्ची उलटी केली. शिक्का होता, डोळासुद्धा व्यवस्थित मिटलेला. पण दोन पट्ट्यांची वळणं एकमेकांशी अबोला धरल्यासारखी. ही खुर्ची त्याने केलेलीच नव्हती. बाईंनी ती पलीकडच्या हमरस्त्यावरच्या काचेच्या शोरूममधून घेतली होती आणि तिथल्या चकचकीत मालकाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "आत्याच्या डुलकीची आहे."

त्यानंतर तक्रारींची रीघ लागली. कोणाची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून थांबायची, तर एका डॉक्टरांची खुर्ची रोज दुपारी त्यांना शेजाऱ्यांच्या भिंतीवर नेऊन आपटायची. शेजारी म्हणे आतून "कोण आहे?" विचारायचे. भाचा सगळ्यांना सांगून दमला, की हा माल आमचा नाही. लोक शिक्का दाखवायचे. नवी गिऱ्हाइकं फिरकेनात, जुनी रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. वर बाजारात कुजबुज अशी, की म्हातारीला हल्ली कुठेही झोप लागते, दगडावर बसवा, पास करेल.

ते आत्याच्या जिव्हारी लागलं. आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली ती उडालीच.

ती खुर्चीत बसायची, डोळे मिटायची आणि डोक्यात भुंगा सुरू व्हायचा. ही खरंच चांगली आहे ना? मी चुकले तर? आणि झोपच आली नाही, तर या घरात माझं काम काय? भाचा बिचारा एकेका खुर्चीच्या पट्ट्या घासघासून इतक्या पातळ करायला लागला, की आत्याला ते बघवेना. शेवटी एका दुपारी तिने मान टाकली, तोंड जरासं उघडं ठेवलं आणि झोपेचं सोंग घेतलं. भाच्याने थोडा वेळ वाट पाहिली, ती उठल्यावर खुर्ची उचलून मागच्या कोठीत नेली आणि दार लोटलं. डागणी मागेच तापायची. पुढच्या खुर्चीला तेच, त्याच्या पुढच्या खुर्चीलाही तेच. आत्याला जेवण गोड लागेना. तिकडे तो शोरूमवाला लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतोय आणि इकडे आपण तरी वेगळं काय करतोय, हे तिला खात राहिलं.

भाचेसून मात्र गप्प बसणारी नव्हती. एका सकाळी तिने कंबर कसली. "पुरे झालं. आत्याबाई, चला तुम्ही. तो म्हणतो ना आत्याची डुलकी, मग आत्या दाखवू त्याला." तिने नवऱ्याला आणि मुख्याध्यापिकांना बरोबर घेतलं, डॉक्टरांना दवाखान्यातून उठवलं, आणि ही सगळी वरात शोरूमपासून रस्त्याकडे उतरणाऱ्या गुळगुळीत पायवाटेवरून, तोल सांभाळत, वर चढून आत शिरली.

शोरूमवाला कच्च्या गुरूचा चेला नव्हता. सगळं ऐकून घेऊन तो गोड हसला. "नकली कशावरून? शिक्का आहे. आणि खुद्द आत्याबाई आल्याच आहेत, तर बसू दे ना त्यांना. झोप लागली तर माल खरा, नाही लागली तर मी आजच दुकानावरची पाटी उतरवतो."

"ठरलं," भाचेसून म्हणाली. नवऱ्याने तिच्या कोपराला हात लावेपर्यंत ती म्हणून मोकळी झाली होती.

आत्याच्या मनात लाडू फुटायला लागले. किती दिवसांत पहिल्यांदा तिला झोपायचं नव्हतं! फक्त जागं राहायचं, आणि त्यात तर ती आता पटाईत झाली होती. ती ऐटीत जाऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली. या खुर्चीची जबाबदारी तिच्यावर नव्हती. ती बरी की वाईट, याचा विचार करायचं कारण नव्हतं. वर पंखा फिरत होता, काचेतून ऊन मांडीवर येत होतं. आत्याने मनाशी म्हटलं, आता बसू या मजेत. तिने एक झोका घेतला, मग दुसरा.

पुढचं आत्याला भाचेसुनेने सांगितलं, तेही अनेकदा, आणि दर वेळी जरा जास्त.

आत्या घोरायला लागली. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. शोरूमवाल्याचा आनंद मात्र गगनात मावेना. तो ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना दटावत सुटला, "शूऽऽ, कोणी उठवायचं नाही. झोपल्या ना? झाली पास. कोणीही हात लावायचा नाही." आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं काचेला नाक लावून उभी राहिली.

आत्याच्या घोरण्याबरोबर खुर्ची झुलत होती, आणि झुलता झुलता वीतभर सरकली. मग आणखी वीतभर. शोरूमवाला अजून शूऽऽ करतच होता. खुर्ची दारातून बाहेर पडली तेव्हा त्याचं बोट ओठांवरच राहिलं. उतरती पायवाट लागताच खुर्चीला चांगलाच जोर चढला. रस्त्यावरचे लोक अदबीने दोन्ही बाजूंना झाले, एका सायकलवाल्याने उतरून वाट दिली, आणि आत्या ढाराढूर झोपेत रस्त्यात उतरली. समोरच्या गादीवाल्याच्या दुकानापाशी रचलेल्या गाद्यांच्या ढिगाला खुर्ची टेकली, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले.

"हे कोणाचं घर?" आत्याने विचारलं.

बाजारात हसण्याचा असा गदारोळ उठला, की आरशांच्या दुकानातला माल थरथरला म्हणतात. जो तो एकमेकाला विचारत होता, तुझी कुठवर गेली? ज्यांच्या खुर्च्या चालत होत्या ते सगळे तिथल्या तिथे शोरूमवाल्याकडे वळले. पाटी त्याच संध्याकाळी उतरली.

घरी येईपर्यंत भाचेसून नाचतच होती. आत्याचं मात्र हसू मध्येच थिजलं. ती भाच्याला म्हणाली, "ऐक. सगळे आता आपल्याकडे खात्रीने येतील. पण गेल्या काही खुर्च्यांना मी झोपलेच नव्हते. सोंग होतं. त्या ज्यांच्या घरी गेल्या असतील, त्यांच्याकडून परत आण. मग मला ठेवायचं तर ठेव."

बोलण्यात भाचा बापावरच गेला होता. त्याने मागच्या कोठीचं दार उघडलं.

आत सगळ्या खुर्च्या चादरी पांघरून ओळीने उभ्या होत्या. आत्याने एक उलटी केली, दुसरी केली. बुडाला शिक्का नव्हता.

"अरे, मग गिऱ्हाइकं?"

"काही थांबली. काही गेली."

"तुला कळलं होतं?"

"आत्या, तू खरी झोपलीस की मांजरं पळतात. गेले कित्येक दिवस ती पत्र्यावर आरामात लोळतायत."

आत्या हसली, रडली आणि पुन्हा हसली. "मेल्या, मग मला बोलला का नाहीस?"

भाच्याने पुढच्या खुर्चीवरची चादर ओढून काढली. "डागणी तापायला ठेवतो," तो म्हणाला. "तू बस."

आत्या बसली. डागणी लाल व्हायच्या आतच पत्र्यावर मांजरांची पळापळ सुरू झाली.