बुरुजात बसलेला साठमार

भित्रा म्हणून माझा अर्ज नामंजूर झाला, ते आठवलं की आजही माझ्या मुठी वळतात. चोर म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं. पण भित्रा? अन् मला?

महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात साठमारी व्हायची. चवताळलेला हत्ती मैदानात सोडायचा आणि साठमारांनी पायी उतरून त्याला अंगावर घ्यायचं. आडोसा काय, तर मधले दगडी बुरूज, माणूस अंग चोरून कसाबसा शिरेल एवढ्या फटींचे. एका फटीतून आत शिरायचं आणि लगेच दुसरीतून बाहेर पडून हत्तीला हाळी द्यायची, हा नियम. आत बसून राहिला तो साठमार नव्हे. चाचणीत खरे उतरलात तर हत्तीखान्याचा जमादार पितळी बिल्ला दंडावर बांधणार. त्या बिल्ल्यासाठी मी तालमीत हाडं झिजवली होती.

चाचणीला माझ्या जोडीला कोडोलीचा एक गडी होता. हत्तीनं त्याला असा भिरकावला की नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. मी अंगातल्या बंडीला धरून त्याला फरफटत बुरुजात ओढला. मागोमाग सोंड आत आली, रक्त हुंगत. गडी बेशुद्ध. सोडून गेलो असतो तर सोंडेनं त्याला पायाला धरून ओढून नेला असता, मी बाहेरून कितीही बोंबललो तरी. मी त्याच्यावर आडवा पडलो आणि सोंडेवर बुक्क्या घालत राहिलो.

"आत बसला. भ्याला," जमादारानं निकाल दिला. जागा एकच आणि उमेदवारांत त्याचा सख्खा भाचा, हे आंधळ्यालाही दिसत होतं. मी कचेरीतच त्याचा गळा धरला. चौघांनी मला बदड बदड बदडून रस्त्यावर टाकलं, त्यात पुढचा दात गेला.

मग मी कोडोली गाठली. त्या गड्याला बैलगाडीत घातला आणि महाराजांच्या गाडीच्या वाटेवर त्याला उभा धरला. पायाला बांबूच्या कांबी, घामानं डबडबलेला.

"बोल की मर्दा!" मी त्याला हलवला.

"सरकार, ह्यो भ्याला असता तर म्या आज हितं नसतो."

महाराजांचा हुकूम झाला. चाचणी पुन्हा घ्यायची, आणि या खेपेला जोडीला जमादारानं स्वतः उतरायचं.

मैदानात शिरताना जमादार दात विचकून म्हणाला, "आज बी आतच बसशील, बघ."

"तुला भाईर ठिवून बसतो," मी म्हणालो. मनातही तेच होतं, खोटं कशाला सांगू.

हत्ती सुटला तो थेट जमादारावर. तरणेपणी तोही साठमार, याच फटींतून उंदरासारखा पळायचा म्हणे. त्याच भरवशावर त्यानं फटीत अंग घातलं. पण जमादारकीत पोट सुटलेलं, ते कुठं आत जातंय! छाती आत, ढुंगण बाहेर. हत्तीनं डोकं लावून दाबला. बरगड्या मोडल्या त्या मला पलीकडच्या बुरुजापाशी ऐकू आल्या.

मर लेका, असं म्हणत म्हणतच मी पळालो. दुसऱ्या फटीतून आत घुसलो, त्याच्या काखेत हात घालून हिसडा दिला. पोटाची साल दगडाला राहिली, पण माणूस आत आला. सोंडेनं त्याचा पाय धरला. मी सोंडेला कडकडून चावलो.

"भाईर जा, भाड्या!" जमादार रक्त थुंकत ओरडला. "आत बसलास तर परत नापास हुशील!"

"गप मर!" मी ओरडलो आणि त्याला मिठी मारून बसलो. चिमटेवाल्यांनी हत्तीच्या पायात काटेरी चिमटा अडकवून त्याला मागं खेचला, तोवर बसलो.

जमादाराला बाजेवर घातला. महाराजांच्या कारभाऱ्यांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "आज आत बसला. भ्याला काय?"

त्यानं मान माझ्याकडं वळवली. "न्हाय, सरकार. मागल्या येळंलाबी न्हवता भ्याला."

बिल्ला त्यानंच बांधायचा. पडल्या पडल्या त्यानं माझ्या दंडावर गाठ मारली. ती नीट बसेपर्यंत मी थांबलो. मग त्याच हातानं त्याच्या मुस्काटात वाजवली.

"अरे, मोडलेल्या माणसाला मारतोस व्हय?" कारभारी धावले.

जमादारानं गाल चोळला. "मारू द्या सरकार," तो म्हणाला. "हक्काची हाय त्येची."