लहानूने डोळे मिटून चढलेला जिना

म्हसरूळच्या मोगरा अपार्टमेंटमधल्या लहानू आहेरला अग्निशमन दलात एकोणतीस वर्षं झाली, पण घरात त्याला गॅसची शेगडी पेटवायची परवानगी नाही. हे खुद्द त्याची बायको कलाबाईच जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगते, तेव्हा खोटं मानायचं कारण नाही.

हल्ली गुडघ्यांमुळे त्याला बंबावरून काढून तपासणीच्या कामाला लावलंय. इमारतींत जायचं, आगीत माणूस कुठे अडकेल ते शोधायचं, मग साहेब नोटीस देतात. लहानूची पद्धत त्याची स्वतःची. डोळे गच्च मिटायचे, डावा हात भिंतीला लावायचा आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जिना चढायचा. "धुरात काय दिसतंय? नडगीला लागेल ते हलवा," एवढंच त्याचं शास्त्र. आजवर नडगीला चपलांची स्टँडं लागली, कांद्याच्या गोण्या लागल्या, गणपतीचं मखर लागलं, आणि कॉलेज रोडला एकदा वाऱ्याला झोपलेले कुणाचे तरी सासरे.

आणि या पठ्ठ्याच्या स्वतःच्या सातमजली इमारतीत? गच्चीच्या दाराला गेल्या उन्हाळ्यापासून हे एवढं कुलूप! किल्ली कलाबाईच्या कमरेला.

कारण कुरडया. मखमलाबाद कलाबाईचं माहेर. तीन दिवस गहू भिजवून, चीक शिजवून, सोऱ्याने घातलेल्या तिच्या कुरडया म्हणजे पांढरी शेवंतीच. पण दुसऱ्या दिवशी, अर्धवट वाळून चिवट झाल्या की रांगेतून सात-आठ गायब. आधी कावळ्यांवर आळ आला, मग माकडांवर, शेवटी वॉचमन सोमावर. सुरगाण्याचा सोमा शपथा घेऊन थकला. "ताई, म्या नाय खाल्ल्या." कलाबाईने त्याचा सकाळचा चहा बंद केला आणि दाराला कुलूप ठोकलं.

लहानूने दोनदा विषय काढून पाहिला. "अगं, गच्चीचं दार उघडं लागतं. कायदा आहे."

"आधी चोर धरा," ती म्हणाली, "मग कायदा सांगा."

त्यानंतर लहानूने तो विषय पुन्हा काढला नाही. त्याचं कारण त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

एप्रिलात अश्विनसाहेबांनी तपासणीची यादी वाचली. मंगळवारी मोगरा अपार्टमेंट.

"साहेब, ती माझीच बिल्डिंग."

"मग तर उत्तम, लहानूभाऊ. जिना तोंडपाठ असेल."

नोटीस येणार बायकोच्या कुलपावर, आणि शहरभर जिने उघडे करून घेणाऱ्याचं हसं होणार ते वेगळं.

मंगळवारी सगळी बिल्डिंग जिन्यात जमली. लहानूने डोळे मिटले. दुसऱ्या मजल्यावर ताहेराभाभींची सायकल नडगीला लागली. "या अल्लाह, आत्ता काढते, भाईजान!" चौथ्यावर पाण्याच्या पाइपाची लाल पेटी उघडली, तर आत झाडू नि फिनेल. हशा पिकला. लहानू चढत राहिला. सातव्या मजल्यावरून वर गेला आणि तळहाताला गार लोखंड लागलं.

"किल्ली कोणाकडे?" साहेबांनी विचारलं.

सगळ्या माना कलाबाईकडे. ती पदर खोचून उभी. "साहेब, दोन उन्हाळे माझी वाळवणं चोरीला गेली. चोर धरून द्या, कुलूप काढते. नाहीतर खुशाल लिहा नोटीस."

लहानूचा हात कुलपावरच होता. गेल्या वर्षी, तो बंबावरच होता तेव्हा, द्वारका चौकाजवळच्या एका इमारतीत तळाचे मीटर पेटले, माणसं धुरातून वर पळाली आणि असंच एक कुलूप त्यांना लागलं. त्याने बाहेरून शिडीने चढून दार फोडलं तेव्हा नऊ जण एकमेकांवर पडले होते, खोकत. वाचले सगळे. पण दार आतून बडवल्याचा तो आवाज त्याच्या कानातून गेला नव्हता. आणि इथे मागे जिन्यात सोमा उभा होता, मान खाली घालून.

डोळे न उघडताच लहानू म्हणाला, "चोर मी आहे."



"ड्युटीवरून सकाळी यायचो, तर थेट वर जायचो. अर्धवट ओल्या कुरडया... राहवायचं नाही. सोमाने काही केलेलं नाही."

"अहो!" कलाबाई म्हणाली. "मागितल्या असत्या तर मी नाही म्हटलं असतं?"

"हो, म्हटलं असतंस."

आधी ताहेराभाभी हसल्या, मग साहेब, मग तोंडावर पदर धरून खुद्द कलाबाई. हसता हसता तिने किल्ली काढली आणि लहानूच्या मिटल्या डोळ्यांसमोर कुलूप स्वतः उघडलं. गच्चीवरचं ऊन आत आलं तेव्हाच त्याने डोळे उघडले. खाली जाऊन तिने आधी सोमाला चहा दिला. आलं घालून. साहेबांनी सायकल आणि झाडूसाठी सात दिवसांची मुदत लिहिली.

आता गच्चीला नुसती कडी. या वर्षी पाच किलो गव्हाचा चीक लहानूनेच हाटला, तळहाताला फोड येईपर्यंत. शेगडी मात्र कलाबाईनेच पेटवली. कुरडयांच्या रांगेशेजारी एक ताटली वेगळी असते, जाळीखाली. "चोराचा वाटा," कलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. लहानू ड्युटीवरून येतो, वर जातो, ताटली घेऊन उघड्या दाराच्या उंबऱ्यावर बसतो. आणि हो, अर्ध्या कुरडया सोमाला देतो.