रातभर इथंच व्हतो

गुरुजींनी माझं नाव पुकारलं आणि मी खाली बसले. उकिडवी. दोन्ही तळहात पुढं केले, मान खाली घातली आणि म्हणाले, "हाय मालक. आमी रातभर इथंच व्हतो."

पहिलीचा वर्ग. शाळेतला माझा पहिला दिवस. बाकीची पोरं नाव आलं की उभी राहून ओ देत होती, हे मला दिसत होतं. पण ती गावातली पोरं. त्यांची रीत त्यांची, आपली रीत आपली, असं मला वाटलं. खुर्चीवर बसलेला माणूस नाव घेतो तेव्हा आपण काय करायचं, ते मी बापाकडं बघून शिकले होते.

वर्ग हसला. गुरुजी तर डोळे पुसेपर्यंत हसले. मला वाटलं, चांगलं जमलं. मीही हसले.

गुरुजी मारकुटे नव्हते. एकदाही हात उगारला नाही त्यांनी माझ्यावर. म्हणून जास्त राग येतो. शाळेत कुणी साहेब आला, शेजारच्या गावचे मास्तर आले, की ते मला पुढं बोलवायचे. "ये गं पारध्याची. दाखव बरं पावण्यायला." मी दाखवायची. उकिडवी, तळहात पुढं, रातभर इथंच व्हतो मालक. पाहुणे हसायचे. एकदा एक साहेब म्हणाले, "हे शिकवावं लागत नाही यांना. रक्तातच असतं." मग माझ्या पुढं केलेल्या हातावर कुणीतरी बिस्कीट ठेवायचं. ते मी खायची. गोड लागायचं.

हे सगळं मी कौतुकानं बापाला सांगितलं. तो पालाबाहेर बसून फास वळत होता. त्याचे हात थांबले. माझ्याकडं पाठ करून बसला आणि पुन्हा वळायला लागला. त्या पाठीचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली.

आम्ही फासेपारधी. तेव्हा आमचं पाल हिंगोलीकडच्या पुसेगावच्या बाजूला एका माळावर होतं. जनावराच्या आतड्याच्या तातीचे फास बारीक खुंट्यांना बांधून बाप गवतात ओळीनं लावायचा, आणि झुडपाआड बसून तित्तराचा आवाज काढायचा. तित्तर चालत यायचा. आई डिंक, करटुली, टेंभरं गोळा करायची. माझा आजा याहून मोठा गडी. तो आग्या मोहोळ उतरवायचा. मोहोळ रात्री उतरवतात, अंधारात, माशा निजलेल्या असताना. आज्याच्या मधाला गावोगावच्या घरांतून बोलावणं यायचं म्हणे.

बापानं एकदाही मोहोळ उतरवलं नाही. लहानपणी मला वाटायचं, बाप माशांना भितो. माशांना नाही, तो रात्रीला भ्यायचा. पारधी रात्री बाहेर दिसला की चोर. माळावर असो, झाडावर असो, मधाचं मडकं हातात असो. म्हणून दिवेलागणीला तो पालात यायचा, आणि उजाडेपर्यंत लघवीलासुद्धा लांब जायचा नाही.

आणि नवीन गावाच्या शिवारात पाल टाकायचं झालं, की खुंटी ठोकायच्या आधी तो गावात जायचा. पोलीस पाटलाच्या ओट्यापुढं उकिडवा बसायचा. तळहात दाखवायचा, की बघा, माती नाही, खरचटलेलं नाही. कुठं चोरी झाली असं कानावर आलं, की सकाळी उठून स्वतःच जायचा. बोलावण्याआधी गेलं की मार कमी बसतो, हा त्याचा हिशोब. आयुष्यभर त्यानं तोच हिशोब जपला.

शाळेत माझी जागा दाराजवळ, चपलांपाशी. मधल्या सुट्टीत माझ्याशी कुणी खेळायचं नाही. मी शाळेमागं जायची आणि तित्तराचा आवाज काढायची. माळावरून एखादा ओ द्यायचा. दिवसभरात माझ्याशी तेवढंच बोलणं. मग तो माळ नांगरला गेला, सोयाबीन आलं. मी आवाज द्यायची, पलीकडून काही यायचं नाही. माणसांनी बोलणं टाकलं होतंच. आता पाखरांनीही टाकलं.

पुढं हिंगोलीत वसतिगृहात राहून शिकले. तिथं एका बाईंनी सांगितलं. इंग्रजांनी एक कायदा केला होता. रानावनात फिरून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्या जमाती जन्मानंच चोर, असं त्यात लिहिलं होतं. रोज हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही, रात्री बाहेर पडायचं नाही. आमच्याकडं निजामाचं राज्य होतं, पण ही रीत इथंही आली, आणि आज्याचं रात्रीचं मोहोळ सुटलं. स्वातंत्र्य मिळाल्यावर काही वर्षांत तो कायदा रद्द झाला.

बापाचा जन्म त्याच्या नंतरचा. मी बाईंना पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. माझा बाप ज्या कायद्यापुढं जन्मभर उकिडवा बसला, तो कायदा त्यानं डोळे उघडायच्या आधीच मेला होता. त्या रात्री मी जेवले नाही. ते बिस्कीट आठवत राहिलं.

सुट्टीत घरी गेले. बापाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कायदा गेला आसंल, पोरी. पाटील कुठं गेलाय?"

मी नर्स झाले. आता कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात नोकरीला आहे. आई गेल्यावर बापाला माझ्याकडं आणलं. गाव मला सिस्टर म्हणतं. मला वाटलं, संपलं.

मागच्या हिवाळ्यात गावातल्या एका विहिरीवरची मोटर चोरीला गेली. त्या रात्री मी एका बाळंतिणीपाशी होते. पोलीस पाटलाच्या थोरल्या चुलतभावाची सून. अडली होती. उजाडता मोकळी झाली. पाणी तापवून द्यायला पाटलाची बायको स्वतः होती. हात धुऊन मी घरी आले तर बाप घरात नाही. शेजारीण म्हणाली, पाटलाकडं गेलाय.

गेले तर तोच देखावा. बाप ओट्यापुढं उकिडवा, तळहात पुढं, भोवती माणसं. पाटील माझ्याच वयाचा, शिकलेला. मला बघून जरा चपापला. "आमी न्हाई बोलावलं, सिस्टर. आपसूक आला," म्हणाला. आणि लगेच, सहज, "आता आल्याच तर तुमीबी सांगून टाका, रात्री कुठं व्हते. बराबर राहते मग."

खोटं सांगत नाही. इतकं शिकून, अंगावर पांढरी साडी असून, माझे गुडघे उकिडवं बसायला आपोआप वाकले.

उत्तर जिभेवर होतं. तुमच्याच भावकीत बाळंतपण करत होते. एवढं म्हटलं असतं तर सगळे ओशाळून हसले असते, चहा आला असता. त्या बाळंतिणीची सासू तिथंच उभी होती. तीही सांगू शकत होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं लिंबाच्या झाडाकडं बघितलं.

ते उत्तर मी गिळलं. कारण ते उत्तर म्हणजे बापाचंच वाक्य होतं. रातभर इथंच व्हतो, मालक.

"तुमी कुठं व्हते पाटील, रात्री?" मी म्हणाले. "ज्यायची मोटर गेली, ते कुठं व्हते? आदी सगळ्या गावाला इचारा. मंग माझ्याकडं या. तवाबी मी सांगणार न्हाई."

बाप माझ्या साडीचा काठ ओढत होता. "बस, पोरी. बस." मी बसले नाही. तो उठला नाही. मला एकटीलाच परत यावं लागलं.

मोटर कुणी नेली, ते आजही कळलेलं नाही. गावात माझ्याविषयी कुजबुज आहे. पूर्वी बाया चहाला घरात बोलवायच्या, आता सुईपुरत्या येतात. बाप माझ्याशी तुटक बोलतो. मी त्याच्यावर संकट आणलं, असं त्याला वाटतं. गावात काही हरवलं की अजूनही सकाळी जाऊन बसतो. त्याला अडवायचं मी सोडलंय. घरात दोघं असतो, आणि दोघंही एकटे.

पण तो गेला की मीही जाते. त्याच्या शेजारी उभी राहते, साऱ्या गावाला दिसेल अशी. कुणी अडली तर मध्यरात्रीही माझं दार वाजवा, मी येईन. येताना रस्त्याच्या मधून चालत येईन. मात्र मी कुठं होते, कुणाकडं होते, हे या गावात कुणालाही सांगणार नाही. माझ्या आज्याची रात्र तुम्ही घेतलीत. बापाची घेतलीत. माझी मी देणार नाही.