भरलेल्या गाडीला हात लावणार नाही

काही माणसांच्या ओठांवर हसू मुक्कामाला असतं, काहींच्या कपाळावर आठी. या माणसाचं सगळं नाकावर होतं. समोर काहीही येवो, नवी गाडी, जुना मित्र, चहाचा कप, आधी नाकाचा शेंडा वर जायचा, दोन्ही बाजूंना सुरकुत्या पडायच्या आणि मगच तोंड उघडायचं. सगळा रस्ता त्याला पाठीमागे नाकमुरड्या म्हणायचा आणि तोंडावर मिस्त्री. त्याला दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्हींचा सारखाच अभिमान होता.

धंदा पाट्यांचा. पिकअपच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान असते, ते पाटे. ओझं वरून दाबतं, रस्ता खालून हाणतो आणि मधे पाटे मुकाट सोसत राहतात. ते मऊ पडले की गाडी मागे बसते. कडक झाले की आत बसलेल्याची हाडं मोजून निघतात. या दोहोंच्या मधली एक जागा असते, ती हाताला सापडावी लागते. मिस्त्रीच्या हाताला ती सापडायची, आणि हे तो कुणालाही विसरू देत नसे.

बाकीच्या गॅरेजांत पाऊल ठेवलं तर तेलाच्या काळ्या चिखलात बूट रुतायचा. मिस्त्रीची शेड मात्र ताटासारखी स्वच्छ. रोज संध्याकाळी गरम पाणी आणि सोडा टाकून तो जमीन घासायचा, नटबोल्टचे पाने आकाराप्रमाणे भिंतीवर टांगायचा आणि शेवटी स्वतःचे हात कोपरापर्यंत धुवायचा. लोकांच्या गाड्यांची त्याला मनापासून शिसारी होती. "माणूस घरात दोनदा झाडू मारतो आणि गाडीत उकिरडा पाळतो," तो म्हणायचा. सीटखाली काळी पडलेली फळांची सालं, कुबट मोजे, लेकराची वाळून पापुद्रे धरलेली उलटी, कुत्र्याचे केस. एकदा त्याच्या हाताला सीटच्या फटीत काहीतरी मऊ लागलं होतं. ते काय होतं हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तो जेवला नाही आणि दुसऱ्या दिवसापासून नियम झाला: भरलेल्या गाडीला हात लावणार नाही. माल उतरवा, गाडी धुवा, मग आणा.

नुसत्या दिखाऊ गिऱ्हाइकांचा तर त्याला आणखी तिटकारा.

"मिस्त्री, गाडी चांगली वीतभर उंच करून द्या."

"कशाला? पूर आलाय?"

"नाही हो. जरा रुबाब दिसतो."

"रुबाब पाहिजे तर उंच टोपी घाल. स्वस्तात पडेल, आणि वळणावर उलटणार तरी नाहीस."

असा हा माणूस. एका सकाळी त्याच्या शेडसमोर एक पिकअप येऊन थांबली आणि त्याचं नाक नेहमीपेक्षाही वर गेलं. मागच्या हौद्यावर पत्र्याची खोली बांधलेली. खोलीच्या टपावर टायर, पेट्या, दोरखंड, पाण्याचे कॅन. मागची बाजू इतकी दबलेली की पुढचे दिवे भरदिवसा झाडांच्या शेंड्यांकडे बघत होते.

"ही गाडी आहे की दिवस भरलेली म्हैस?" मिस्त्री म्हणाला. तेवढ्यात दार उघडलं आणि आतून ताई उतरली.

उतरली म्हणजे कशी, तर आधी एक पाय, मग दाराला धरून थोडा दम, मग दुसरा पाय. ताई त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या पाठच्या भावाला तिनेच न्हाऊमाखू घातलं, कडेवर वागवलं. पुढे तिची उमेदीची सगळी वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात गेली. परक्यांच्या रक्ताच्या, पुवाच्या, मुताच्या ओल्या चादरी उचलून उचलून कंबरेचा मणका सरकला, ऑपरेशन झालं. आता तिला एकच हौस उरली होती. आयुष्यभर लोकांचे बिछाने धुतले, आता चाकांवरच्या स्वतःच्या बिछान्यात झोपायचं आणि डोंगर ओलांडून, जमीन संपेल तिथवर जायचं. डॉक्टर म्हणाले होते, "जरूर जा. पण दणका नको. एक मोठा दणका बसला, तर पुन्हा उभ्या राहाल की नाही, मी सांगू शकत नाही."

"म्हणून तुझ्याकडे आलो," ताई म्हणाली. "तू म्हणालास ठीक, तर निघते. नाही म्हणालास, तर घरी बसते."

तिच्या मागून भाऊजी उतरले. त्यांचं आयुष्य लोकांचं घरसामान हलवण्यात गेलेलं. आख्खं बिऱ्हाड एका खेपेत ट्रकमध्ये बसवून दाखवायचे, वर दोन कुंड्यांना जागा उरवायचे. पोकळी दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटायची.

"काय काय भरलंय हे?" मिस्त्रीने विचारलं.

"फारसं काही नाही रे. लागेल तेवढंच."

"सगळे हेच म्हणतात."

"मग आत बघ ना, पाहुण्यासारखा बाहेर काय उभा?"

भाऊजींनी मागचं दार उघडलं. आतून आलेला वास एखाद्या माणसासारखा दारात येऊन उभा राहिला. सांडलेलं तेल, कोंब फुटलेले कांदे, दमट गादी, रॉकेल. मिस्त्री तोंडावर हात धरून मागे सरकला.

"उतरवा. धुवा. मग आणा."

"तुझ्या बहिणीची गाडी आहे ही."

"बहिणीला हात लावीन. या उकिरड्याला लावणार नाही."

ताई-भाऊजींनी माल घरी नेऊन उतरवला आणि दोन दिवसांनी रिकामी, धुतलेली गाडी आणली.

रिकाम्या गाडीखाली शिरल्यावर मिस्त्रीची कळी खुलली. जुने पाटे थकून सरळ झाले होते. भाऊजी म्हणाले, आणखी एखादा पाटा वाढव की. "फाटक्या चादरीला ठिगळ लावायचं? ठिगळ टिकतं, चादर शेजारी फाटते." भाऊजी म्हणाले, हल्ली हवेचे फुगे मिळतात म्हणे, ॲक्सल आणि चेसिसच्या मधे बसवायचे. "मिळतात. मग सगळा भार चेसिसच्या एकाच जागी येतो आणि एखाद्या खड्ड्यात चेसिसच वाकते. तिथे रानात काय तुम्ही फुंकर घालणार?" ठरलं ते असं, की मागे पाट्यांचा नवा जोड, पुढे नव्या स्प्रिंगा आणि चारी चाकांना हिसके गिळणारे जाडे शॉकअप. पाट्यांचे तीन प्रकार येत. हलका, मधला आणि भारी.

"मधला बास होईल," भाऊजी म्हणाले. "थोडंच तर सामान आहे."

मिस्त्री नाकातल्या नाकात हसला. मालक वजनाबद्दल खोटं बोलतात, हे त्याला उभ्या जन्माचं ठाऊक. हा थोडं म्हणतो, म्हणजे भरपूर. त्याने भारी जोड मागवला. गाडी भरून वजनकाट्यावर चढवून बघावी, आत काय आहे आणि कुठे आहे हे डोळ्यांनी बघावं, असं त्याच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं. पण त्यापाठोपाठ तो वासही आला.

पाटे बसले. गाडी ऐटीत उभी राहिली. भाऊजींनी ताईला शेजारी बसवलं, मागे नुसती गादी आणि शेगडी टाकली आणि खाणीच्या खडकाळ रस्त्याने एक फेरी मारायला गाडी नेली. मिस्त्री शेडच्या दारात हात पुसत, शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

गाडी परत आली, पण ताई उतरेना. तिने दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली होती. ओठ पांढरे पडले होते. भाऊजींनी तिला लहान मुलासारखं उचलून खाली घेतलं आणि मिस्त्रीच्या स्वच्छ जमिनीवर आडवं निजवलं.

"ओंडक्यावर बसवून डोंगरावरून ढकलून दिल्यासारखं वाटलं रे," ती डोळे मिटून म्हणाली.

"रिकामी आहे म्हणून," मिस्त्री घाईने म्हणाला. "भरल्यावर मऊ होईल."

"होईल?"

"व्हायला पाहिजे."

"काय भरणार आहे ते तू बघितलंस?"

मिस्त्री पुसलेलेच हात पुन्हा पुसू लागला.

"काय आहे, किती आहे, कुठे आहे. बघितलंस?"

"ताई, मला नाही सहन होत. तो वास..."

ताईने डोळे उघडले. "लहानपणी तुझं पोट बिघडलं की तू रात्रभर ओकायचास. चादर खराब होऊ नये म्हणून मी ओंजळीत धरायचे. माझ्या नाकाला कधी सुरकुती पडली होती का रे, छोट्या?"

या वयात, भाऊजींच्या देखत, छोट्या. मिस्त्रीने मान खाली घातली.

ताईची कंबर नशिबाने आठवडाभरात सावरली. मग गाडी पुन्हा पहिल्यासारखी भरून आणायला मिस्त्रीनेच सांगितलं आणि ती भंगारवाल्याच्या काट्यावर नेली. आधी पुढची चाकं चढवली, मग मागची, मग आख्खी गाडी. भंगारवाल्याने आकडा बघून कानामागची पेन्सिल काढली.

"मिस्त्री, कुठे निघालंय हे?"

"डोंगरापलीकडे."

"डोंगर आत भरून?"

भाऊजी हसले नाहीत. मिस्त्रीही नाही. गाडी बनवणाऱ्याने जेवढं सोसेल म्हणून सांगितलं होतं, त्याच्या पुष्कळ पुढे काटा गेला होता. कितीही भारी पाटे घातले, तरी ॲक्सल आणि ब्रेक काही त्यामुळे मोठे होत नाहीत. त्यातून सगळा भार मागे. पुढची चाकं जेमतेम जमिनीला टेकलेली.

शेडमध्ये येऊन मिस्त्रीने बाह्या सारल्या, नाक शक्य तितकं मुरडलं आणि आत शिरला. पहिलीच वस्तू म्हणजे तेलाचा डबा. बाहेरून इतका चिकट, की त्यावर केस आणि मेलेले मुंगळे चिकटले होते. मग कांद्यांचं पोतं, तळाशी काळं पाणी धरलेलं. दमट गादी, मधोमध पिवळा नकाशा. मग ओतीव लोखंडाचं शिवणयंत्र.

"हे कशाला?"

"कोपरा रिकामा होता."

दुसरी शेगडी. तिसरी शेगडी. टायरांच्या पोटात कोंबलेले जुने बूट, बुटांत कोंबलेले खिळे.

"बुटांत खिळे?"

"मग बूट काय रिकामे न्यायचे?"

"भाऊजी, तुम्ही गाडी भरलेली नाही. तुम्ही सशाचं बीळ बुजवलंय!"

"आणि तू न बघताच पाटे घातलेस! कोण मोठा शहाणा?"

मिस्त्रीने ते गिळलं, रॉकेलच्या वासासकट. सगळ्यात शेवटी, अगदी मागच्या दाराशी, पाण्याची भलीमोठी टाकी निघाली. बाकाच्या टोकावर लठ्ठ माणूस बसला की दुसरं टोक उचलतं, तसं ही टाकी गाडीचं नाक उचलत होती.

"हिला केबिनच्या मागे सरकवतो, पुढच्या बाजूला," मिस्त्री म्हणाला. "पाटे भारी काढून मधले घालतो. तेवढ्याने तिची कंबर वाचेल. पण हा ढीग परत आत जाणार नाही."

"मग ठेवू कुठे? आम्ही निघालो की घर भाड्याने जाणार. रस्त्यावर टाकू?"

ताई दारातल्या स्टुलावर बसली होती. तिने भावाकडे बघितलं नाही, गाडीकडे बघितलं. ती घरी बसायच्या तयारीने बसली आहे, हे तिच्या मांडीवर ठेवलेल्या हातांवरून मिस्त्रीला कळलं. त्याने आपल्या शेडवरून नजर फिरवली. घासून पांढरी झालेली जमीन, ओळीने टांगलेले पाने. मग ढिगाकडे बघितलं.

"इथे," तो म्हणाला.

"इथे?" भाऊजींचा विश्वास बसेना.

"पुन्हा विचारू नका. विचार बदलेल."

भारी पाटे उतरले, मधले चढले. शॉकअप त्याने पुन्हा बसवून, दाबून, झुलवून बघितले. टाकी पुढे सरकली. लागेल तेवढंच सामान, या खेपेला खरोखरच लागेल तेवढंच, त्याने स्वतः आत लावलं आणि गाडी परत काट्यावर नेऊन खात्री केली. मग ताईच्या सीटवर आधी तो बसला आणि भाऊजींना खाणीच्या रस्त्याला गाडी घालायला लावली. खड्डा आला की गाडी खाली जायची, श्वास घ्यायची आणि वर यायची. दणका कुठेतरी पाट्यांच्या पोटातच विरायचा. परत आल्यावर त्याने ताईसाठी दार उघडलं. ती फेरी संपेपर्यंत तो दारात उभा होता, आणि या खेपेला शाबासकीची वाट बघत नव्हता.

गाडी थांबली. आधी एक पाय, मग दाराला धरून थोडा दम, मग दुसरा पाय. ताई आपली आपण उतरली.

"आत सोड्याचा वास येतोय," ती म्हणाली.

"धुतली जरा."

दुसऱ्या दिवशी ती दोघं निघून गेली. गाडीचे दिवे रस्त्याकडे बघत होते, झाडांकडे नाही.

ढीग राहिला. मिस्त्री त्यावर ताडपत्री घालतो, तरी वास येतोच. गिऱ्हाइकं विचारतात, तुमच्या शेडमध्ये हा उकिरडा कुणाचा, तेव्हा तो म्हणतो, "माझा. तुम्हाला काय करायचंय?" आणि मग नाक वर करून सांगतो, "गाडी भरून आणा. आहे त्या घाणीसकट आणा." त्याला अजून किळस येते, रत्तीभरही कमी झालेली नाही. एखाद्याच्या सीटखाली हात घालताना तो आधी अर्ध्या रस्त्याला ऐकू जाईल अशी शिवी देतो.

मधूनच ताईचा फोन येतो. मागे वारा घोंघावत असतो.

"कंबर?" तो विचारतो.

"आहे जागेवर. छोट्या, गादीला ऊन दाखवलंस का?"

"ती गादी आहे? ती रोगराई आहे!"

"दाखव बाबा. बुरशी येईल."

फोन ठेवून मिस्त्री ताडपत्री उचलतो, मान शक्य तितकी लांब वळवतो आणि ती पिवळ्या नकाशाची गादी दोन बोटांच्या चिमटीत धरून, पुटपुटत, उन्हाकडे ओढत नेतो.